आधारगट चालवणाऱ्यानं किती बोलावं?

बेळगावच्या वडगाव भागात, मागवाल्या विणकरांच्या वस्तीत, आमचा एक छोटा गट शनिवारी दुपारी तीन ते साडेचार बसतो. ज्यांच्या घरी कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं आहे, अशा घरची सेवा करणारी माणसं त्यात येतात. कुणाच्या नवऱ्याला लकवा मारलाय, कुणाच्या सासूला आता माणूस ओळखू येत नाही. आठ जण येतात, नववी मी, आणि माझ्या जोडीला निवृत्त झालेल्या एक कन्नड शाळेच्या बाई.

पहिल्या बैठकीत बाईंनी वहीत एक गोल काढला, बसलेल्यांचे ठिपके मांडले आणि कोण कुणाकडे बघून बोललं त्याच्या रेघा ओढत गेल्या. ही पद्धत जुनी आहे. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानं १९३० च्या दशकात माणसांमधली नाती अशी ठिपक्यारेघांनी काढायला सुरुवात केली. बैठक संपल्यावर मी वही बघितली, तर त्यात बैलगाडीचं चाक उमटलेलं. सगळे आरे तुंब्याकडे, आणि तुंब्यात मी. एका ठिपक्याची दुसऱ्याकडे गेलेली रेघ एकही नव्हती. म्हणजे दीड तास मी आठ माणसांशी आठ वेगवेगळ्या गप्पा मारल्या होत्या, आणि बाकीच्यांनी त्या ऐकून घेतल्या होत्या. मला मात्र घरी येताना बैठक फार छान झाली असं वाटत होतं.

गट चालवणं म्हणजे काय, हे त्या वहीतून जेवढं कळलं तेवढं नंतरच्या प्रशिक्षणातून कळलं नाही. आपल्याकडे येणाऱ्या रेघा कमी करायच्या आणि त्यांच्या त्यांच्यातल्या वाढवायच्या, हे ते काम.

आपल्या भागात गट म्हटलं की लोकांना आधी बचत गट आठवतो. त्यात नवल नाही. नाबार्डनं १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, कर्नाटक सरकारची स्त्री शक्ती योजना २०००-०१ मध्ये आली, आणि आज निपाणीपासून खानापूरपर्यंत गल्लीगल्लीत गट आहेत. बचत गट दहा ते वीस जणींचा असतो, वही हिशेबाची असते, आणि हप्ता भरला की बैठकीचं मुख्य काम झालं. आधारगटात हिशेब नसतो. एकाच प्रकारचा भार वाहणारी माणसं ठरलेल्या वेळी बसतात, बोलतात, ऐकतात. तिथं डॉक्टर नाही, कीर्तनकार नाही, पुढारी तर नाहीच. एक सांगून ठेवते: दोन्ही गट एकत्र करू नका. जिनं मागच्या आठवड्यात हप्ता चुकवलाय ती या आठवड्यात मन मोकळं करायला येत नाही, तोंड चुकवते.

नुसतं बसून बोलल्यानं काय होणार, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, तोही बहुतेक घरच्या पुरुषांकडून. बोस्टनमध्ये १९०५ साली जोसेफ प्रॅट नावाच्या डॉक्टरनं क्षयाच्या गरीब रुग्णांना आठवड्यातून एकदा एकत्र बसवायला सुरुवात केली. सॅनेटोरियमचा खर्च त्यांना परवडत नव्हता. हवा, विश्रांती, आहार यांची माहिती एकेकाला सांगण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावी, एवढाच त्याचा हिशेब. रुग्ण रोजची नोंदवही लिहायचे, वजन करायचे. पण त्याच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या वंशांची, वेगवेगळ्या धर्मांची ही माणसं एका आजारानं एकमेकांना बांधली जाताहेत, आणि शिकवण्याइतकाच या बांधलं जाण्याचाही उपयोग होतोय. पुढं १९३५ मध्ये अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रन गावात बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघंही दारूनं पुरते पोखरलेले. विल्सन परगावी होता, प्यायची तलफ आली होती, आणि आपल्यासारखाच दुसरा दारुडा शोधून त्याच्याशी बोलावं एवढंच त्याला सुचलं. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. यात लक्षात घ्यायचं ते एवढंच की विल्सन आधार द्यायला गेला नव्हता. त्याला स्वतःला सावरायचं होतं, आणि दुसऱ्याशी बोलताना तो सावरला.

अर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञानं गटात माणूस का सुधारतो याची अकरा कारणं मांडली आहेत. सगळी सांगत बसत नाही, दोन पुरेत. एक, हे माझ्या एकटीच्याच वाट्याला आलेलं नाही, हे कळणं. दुसरं, आपला कुणाला तरी उपयोग होतो, हे कळणं.

पहिलं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय. चौथी की पाचवी बैठक होती. शेजारच्या मागांचा खडखडाट चालू होता आणि अचानक वीज गेली. एकदम सामसूम. त्या शांततेत एक मावशी म्हणाल्या, "रात्रीत चार डाव उठतो मी. कूस बदलतो, साफ करतो. कधी कधी वाटतंय, जाऊदे एकदाचं हे माणूस. मग लगेच देवाच्या पाया पडतो." (आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी करतो' असंच बोलतात. पुण्याच्या माणसाला गंमत वाटते, वाटू दे.) कुणी काही बोललं नाही. माझ्या जिभेवर 'असं वाटणं स्वाभाविक आहे' हे वाक्य आलं होतं, ते गिळलं. मनात दहा अंक मोजले. आठव्या-नवव्या अंकाला समोरच्या कोष्ट्याच्या घरच्या आजी, ज्या एरवी कन्नडच बोलतात आणि आजवर फक्त मान हलवत होत्या, त्या म्हणाल्या, "ननगू." मलाही. आणि मग, "साकागेती." पुरे झालं आता, जीव मेटाकुटीला आलाय. कुणीही भाषांतर मागितलं नाही. मावशींनी हात पुढं करून आजींचा गुडघा दाबला. वहीत त्या दिवशी ठिपक्याकडून ठिपक्याकडं जाणारी पहिली जाड रेघ आली. मी ते वाक्य बोलून टाकलं असतं, तर रेघ माझ्याकडं आली असती आणि विषय तिथंच मिटला असता.

दहा अंक मोजणं ही फार साधी युक्ती आहे आणि करायला भयंकर अवघड. आपल्याला शांतता म्हणजे पाहुणचारात काहीतरी कमी पडल्यासारखं वाटतं. चहा विचारला जातो, पंखा लावला जातो. रडणाऱ्या बाईला लगेच पाण्याचा तांब्या पुढं केला जातो, म्हणजे 'आता थांब' असंच सांगितलं जातं. पाणी जवळ ठेवावं, घ्यायचं तेव्हा ती घेईल.

किती माणसं, कुठं, कधी

आठ हा आकडा मी हवेतून काढलेला नाही. यालोमही सात-आठ जणांच्या गटाला पसंती देतात, आणि साधं गणित केलं तरी ते पटतं. बैठक नव्वद मिनिटांची. सुरुवात आणि शेवट मिळून वीस मिनिटं जातात, उरली सत्तर. आठ जणांत वाटली तर प्रत्येकाला पावणेनऊ मिनिटं येतात, वीस जणांत साडेतीन. साडेतीन मिनिटांत माणूस तब्येतीचा अहवाल देतो, मनातलं सांगत नाही. दुसरं गणित रेघांचं. आठ जणांत जोड्या होतात २८, वीस जणांत १९०. एवढ्या जोड्यांची ओळख व्हायला वर्षही पुरणार नाही. म्हणून जास्त लोक यायला लागले तर आनंदानं मोठी सतरंजी आणू नका, दुसरा गट काढा. पाचाच्या खालीही जाऊ देऊ नका, कारण दोघी गैरहजर राहिल्या की उरलेल्या एकीदोघींवर ओझं येतं आणि त्यांना चौकशीला बसल्यासारखं वाटतं.

जागा कुणाच्या घरी नको. घर दिलं की ती बाई गटात उरत नाही, यजमानीण होते, आणि तिची सासू दाराआडून ऐकत असते. देवळाचा सभामंडप मोकळ्या दिवशी चालतो, पण जातायेता लोक थांबतात. आम्ही शाळेची एक खोली घेतली. बाकडी भिंतीला सरकवायची आणि सतरंजीवर गोल बसायचं, मीही त्यातच. गुडघेदुखीवाल्यांना खुर्ची द्यायची असेल तर सगळ्यांनाच द्या. एकटीच उंच बसली की तीच अध्यक्ष होते.

वेळेच्या बाबतीत गावाचं पंचांग पाहावं. खानापूरकडं रोप लावणीच्या दिवसांत कुणी येणार नाही, आणि तो गटावरचा अविश्वास समजू नये. बेळगावात १ नोव्हेंबरला बैठक ठेवू नका. एका घरी कर्नाटकाचा राज्योत्सव असतो, दुसऱ्या घरी सीमाप्रश्नाचा काळा दिवस, आणि रस्ते दोघांनाही बंद. सीमाप्रश्नावर आमच्या गटात प्रत्येकाचं पक्कं मत आहे, दाराबाहेर ते जोरात बोललंही जातं. आत फक्त अंथरुणातल्या माणसाबद्दल आणि त्याची सेवा करणाऱ्याबद्दल. हा नियम कुणी लादला नाही, दुसऱ्या बैठकीत त्यांनीच केला.

निपाणीत एकदा दारुड्यांच्या बायकांच्या गटात पाहुणी म्हणून गेले होते. बहुतेक जणी विड्या वळणाऱ्या. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळं दीड तास हात बांधून बसणं म्हणजे सरळ पैशाचं नुकसान. चालवणाऱ्या ताईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, सूप घेऊन या. सगळ्या मांडीवर सूप घेऊन गोल बसलेल्या, कातरलेली पानं, तंबाखूची चिमूट, दोऱ्याचा फेर, बोटं आपोआप चाललेली. हात कामात असले आणि नजर सुपात असली की तोंड मोकळं होतं, हे मी तिथं बघितलं. नवऱ्यानं मारल्याचं सांगताना कुणाकडे बघायला लागत नाही. एखादीचा दोरा मध्येच थांबला की बाकीच्यांना कळायचं, आता ही खरं बोलणार.

गुपित आणि गल्ली

शहरातल्या गटात माणसं अनोळखी असतात, तिथं गुप्तता पाळणं सोपं. आमच्याकडं तीन गल्ल्या ओलांडल्या की कुणीतरी सोयरं निघतं, आणि चंदगड-गडहिंग्लजपर्यंत रोटीबेटीचे व्यवहार. त्यामुळं 'इथलं बाहेर बोलू नका' एवढं सांगून भागत नाही. आम्ही प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला हे म्हणतो: इथं शिकलेलं बाहेर न्या, इथं ऐकलेलं इथंच ठेवा. कूस दर दोन तासांनी बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे शेजारणीला जरूर सांगा. ते कुणाच्या घरी झालं, हे नाही. रस्त्यात भेटल्यावर 'काय गे, सासू कशी हाय?' हेसुद्धा विचारायचं नाही, तिनं आधी विषय काढल्याशिवाय. एकाच घरातल्या दोघी, विशेषतः सासू-सून किंवा जावाजावा, एका गटात घेत नाही. एकदा माहीत नसताना घेतलं. दोघी एकमेकींच्या माहेराबद्दल फार चांगलं बोलत राहिल्या, बाकी काही बोलल्याच नाहीत.

तरी बाहेर जातंच. आमच्याकडं एकीची गोष्ट नळावर पोचली. पुढच्या बैठकीत मी गुन्हेगार शोधायला गेले नाही. जिची गोष्ट फुटली होती तिला आधी एकटीला भेटून विचारलं, हे गटात मांडू का? ती हो म्हणाली. तिनंच सांगितलं की नळावर काय ऐकायला मिळालं आणि कसं वाटलं. जिनं सांगितलं होतं तिच्या डोळ्यांत पाणी आलं, नाव घ्यायची गरज पडली नाही. दोन बैठका वातावरण ताठ होतं. ब्रूस टकमन या अभ्यासकानं १९६५ मध्ये गटाच्या वाढीचे टप्पे मांडले: आधी जमणं, मग खटके उडणं, मग रीत बसणं, मग कामाला लागणं. खटके उडाले की नवा गटचालक घाबरतो आणि गट मोडला असं धरून चालतो. बहुतेक वेळा उलटं असतं. माणसं पाहुण्यासारखं वागायचं सोडून खरी वागायला लागलेली असतात.

सल्ले ही आमच्याकडची साथ आहे. एकीनं अडचण सांगितली की दुसरी लगेच, "अमक्या गावच्या वैद्याकडं जा," तिसरी, "सौंदत्तीला नवस बोल." हेतू चांगलाच असतो. पण सल्ला मिळाला की सांगणारी गप्प होते, कारण आता तिला तो मानायचा की नाही याचं उत्तर द्यावं लागतं. आमची रीत अशी: 'तू असं कर' म्हणायचं नाही, 'माझ्याकडं असं झालं, मी हे केलं' म्हणायचं. वाक्याचा कर्ता बदलला की सगळं बदलतं. हवेची गादी कुठं भाड्यानं मिळते, डायपर घाऊक कुठं स्वस्त पडतात, ही माहिती मात्र पटापट यावी, त्यासाठी शेवटची दहा मिनिटं राखून ठेवतो. एका काकांनी वडील गेल्यावर त्यांची हवेची गादी गटाला दिली. ती आता तिसऱ्या घरात आहे.

जास्त बोलणाऱ्याचं काय करायचं, हे सगळे विचारतात. त्याला अडवण्यापेक्षा त्याच्या बोलण्यातला एक धागा पकडून दुसऱ्याकडं न्यावा: "काका म्हणाले रात्रीची झोप जाते, आजी, तुमच्याकडं कसं हाय?" काका दुखावत नाहीत, रेघ पुढं सरकते. न बोलणाऱ्याला मात्र नावानं हाक मारून बोलायला लावू नये. गप्प बसणं हाही हक्क आहे. बैठक संपून चपला घालताना तो जे पुटपुटतो ते ऐकावं, बरंच काही तिथंच निघतं.

दोन भाषांचा गट असेल तर एक चूक टाळा, ती मी सहा महिने केली. प्रत्येक वाक्यानंतर भाषांतर करायचं नाही. रडता रडता माणूस दुभाष्यासाठी थांबतो तेव्हा त्याचं रडणं त्याला स्वतःलाच खोटं वाटायला लागतं. बोलणाऱ्याला त्याच्या भाषेत शेवटपर्यंत जाऊ द्या, मग कुणीतरी दोन वाक्यांत सार सांगावं, आणि ते बरोबर आलं का हे त्यालाच विचारावं. वडगावात, खासबागेत, शहापुरात तशीही माणसं दोन्ही भाषा कानात घेऊनच वाढतात. गटचालकाला वाटतं त्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

आणि गटानं काय पेलू नये हेही ठाऊक हवं. कुणी 'आता जगून काय करायचं' असं म्हणालं, तर ते बोलण्याच्या ओघात म्हटलं असेल असं धरून पुढं जायचं नाही. बैठकीनंतर एकटीला थांबवून सरळ विचारायचं: जीव द्यायचा विचार येतोय का? काही ठरवलंय का? विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे, अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट कुणीतरी विचारलं याचाच धीर वाटतो. उत्तर 'हो' असेल तर तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासातल्या माणसाला तिच्यादेखत कळवायचं आणि दवाखान्यात न्यायचं. टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, क्रमांक १४४१६, फोन फुकट, दिवसरात्र, आणि मराठीतही बोलता येतं, कन्नडमध्येही. धारवाडची मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दीड-दोन तासांवर आहे. हे सगळं आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे, कारण त्या वेळी काही आठवत नाही. गुप्ततेच्या नियमाला हा एक अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलेला असावा.

एका प्रश्नावर मात्र मी अजून अडखळते. आमच्या गटातला अंथरुणातला माणूस एक दिवस जातोच. मग सेवा करणारीनं गटात यायचं की नाही? मावशींचे मालक मागच्या श्रावणात गेले. तेरावं झाल्यावर पुढच्या शनिवारी त्या नेहमीच्या वेळेला आल्या, दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मी कुठं बसू?" नियमाप्रमाणं त्यांची जागा संपली होती. समोरच्या कुणाकुणाचा माणूस अजून होता, त्यांना मावशींकडं बघवत नव्हतं आणि नजर हटवताही येत नव्हती. मी उत्तर दिलं नाही, गटाकडं बघितलं. कन्नड आजींनी आपल्या बाजूची सतरंजी हातानं झटकली.

सध्या असं ठरलंय की मावशी महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येतात. पहिली दहा मिनिटं त्यांची. ज्यांना ते ऐकवणार नाही त्यांनी त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा यावं. आजवर एकदाच एक जण उशिरा आली.